परसातले तळे

मैलापुरात राहणाऱ्या माणसाने घरामागे पोहण्याचे तळे बांधावे, ही कल्पना दहा वर्षांपूर्वी कोणी आमच्यापुढे मांडली असती तर आम्ही तिची यथेच्छ थट्टा केली असती. कपालीश्वराच्या देवळामागचे विस्तीर्ण तळे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. केशव पेरुमाळाचे चित्रकुळम तेवढेच जवळ. आणि पूर्वेकडे सरळ चालत सुटले तर अर्ध्या तासाच्या आत सांथोमचा समुद्र पायाला लागतो. इतके पाणी भोवती असताना आणखी थोडे घरात कोंडून ठेवणे हा निव्वळ हावरटपणा आहे, असे आमचे ठाम मत होते. परंतु माणसाची ठाम मते गुडघ्यांपाशी येऊन वाकतात. हे गुडघे आमच्या अक्काचे.

अक्का आमच्याहून नऊ वर्षांनी वडील. आमचे घराणे तंजावरी मराठी. एकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले तेव्हा जी कुटुंबे दक्षिणेत उतरली, त्यांपैकी एक. १८५५ साली ते राज्य संपले आणि मराठी माणसे नोकरीचाकरीच्या शोधात पांगली; काही मद्रासेस आली. राजा सर टी. माधवरावांसारखा त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचा कारभार पाहिलेला पुरुष अखेरीस १८९१ साली याच मैलापुरात निवर्तला. आमच्या पणजोबांची पायरी अर्थातच त्याहून पुष्कळ खालची; परंतु त्यांनी येथे एक घर बांधले, घरामागे परस राखले आणि परसात विहीर खोदली. तेवढ्यावर आमच्या चार पिढ्या निभावल्या.

अक्काचे बालपण मात्र तिरुवैयारूला, आजोळी गेले. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीला नवे पाणी आलेले असे आणि सारा गाव घाटावर लोटत असे. त्या घाटावरून परकर खोचून उडी घेणाऱ्या मुलींत अक्का पहिली असायची, असे आमची आई सांगे. आज ती एक्याऐंशी वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजले आहेत आणि हृदय असे नाजूक की शस्त्रक्रियेचे नाव काढायला डॉक्टर तयार नाहीत. त्यांनी एकच उपाय सांगितला: रोज अर्धा तास छातीइतक्या पाण्यात चालणे. तेवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर जमिनीवरच्या भाराचा सुमारे एक तृतीयांशच भार येतो. आम्ही अक्काला घेऊन एका सार्वजनिक तलावावर गेलो. तेथे पाण्यात उतरायला भिंतीला टेकवलेली पोलादी शिडी होती. अक्काने ती वरून खालपर्यंत न्याहाळली आणि म्हणाली, “अरे, ही चढता आली असती तर मी येथे कशाला आले असते?”

त्या रात्री जेवताना परसातल्या तळ्याचा विषय प्रथम निघाला.

आपण एखादी गोष्ट बांधायचे ठरवले आहे, हा वास नगरातल्या कंत्राटदारांना कसा लागतो हे एक गूढच आहे. आठवड्याच्या आत चौघेजण आमच्या ओसरीवर बसून कॉफी पिऊन गेले, आणि प्रत्येकाने आपली पद्धत सोडून बाकीच्या तिन्ही कशा घातक आहेत, हे आम्हांला कळकळीने पटवून दिले. त्यामुळे चौघांचे ऐकून झाल्यावर तळे बांधण्याची एकही सुरक्षित पद्धत जगात उरली नाही.

पहिला विटांचा पुरस्कर्ता. खड्डा खणायचा, विटांच्या जाड भिंती उचलायच्या, आतून जलरोधक गिलावा करून टाइल्स बसवायच्या. कोणत्याही गवंड्याला जमणारे आणि खिशाला झेपणारे हे काम. त्याने मोहेंजोदडोचा दाखलाही दिला, आणि तो खोटा नव्हता. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे ते मोठे स्नानगृह विटांचेच आहे: बारा मीटर लांब, सात मीटर रुंद, जवळजवळ अडीच मीटर खोल, विटा जिप्समच्या मसाल्यात घट्ट बसवलेल्या आणि त्यांच्या पाठीशी नैसर्गिक डांबराचा थर. परंतु आजच्या विटांच्या भिंतीत जमीन किंचित खचली तरी तडा जातो, आणि तड्यातून निघालेले पाणी नक्की कोठून जाते हे शोधण्यात मालकाचे उरलेले आयुष्य जाते, असे दुसऱ्याने सांगितले.

हा दुसरा फायबरग्लासवाला. त्याचे तळे कारखान्यात तयार होते. एक अखंड, गुळगुळीत, निळे भांडे. खड्ड्यात वाळू पसरून ते ठेवायचे, नळ जोडायचे, की काही दिवसांत पोहायला मोकळे. शेवाळ धरत नाही, गिलावा उकलत नाही. आम्ही मोहून गेलो होतो. परंतु ते भांडे परसात येणार कोठून? घराच्या एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला हातभर रुंदीची बोळ. क्रेनने ते छपरावरून उतरवता येईल, असे तो म्हणाला. त्या क्रेनला आमच्या गल्लीत शिरायचे तर फुलवाल्या बाईची टपरी, दोन विजेचे खांब आणि गल्लीच्या तोंडाशी बसलेले विनायकाचे देऊळ यांची संमती घ्यावी लागली असती.

तिसऱ्याकडे प्लॅस्टिकचे अस्तर होते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यांच्या भिंती उभ्या करायच्या आणि आतून जाड व्हिनाइलचा पडदा ताणून बसवायचा. हे सर्वांत झटपट; मात्र अस्तर काही वर्षांनी बदलावे लागते, आणि एखादी धारदार वस्तू लागली तर त्याहून लवकर.

चौथा काँक्रीटचा. त्याच्याकडे दोन प्रकार होते. एकात सळ्यांच्या जाळीवर दाबाच्या हवेने काँक्रीट फवारतात. त्या यंत्राचा जनक कार्ल एकली हा अमेरिकन गृहस्थ मूळचा वस्तुसंग्रहालयासाठी मृत प्राण्यांचे हुबेहूब नमुने घडवणारा. शिकागोच्या संग्रहालयाच्या ढासळत्या दर्शनी भिंतींना गिलावा करण्यासाठी त्याने १९०७ च्या सुमारास ही सिमेंटची बंदूक बनवली, आणि पुढे तिच्यातून जगभरचे वाकड्यातिकड्या आकारांचे तलाव निघाले. आमच्या चौकोनी, चिमुकल्या तळ्यासाठी एवढे यंत्र आणि ती नळी धरणारा तरबेज माणूस आणणे म्हणजे उंदरासाठी पहाड पोखरणे होते. दुसरा प्रकार साधा: सळ्या बांधायच्या, फळ्या ठोकायच्या आणि त्यांत काँक्रीट ओतायचे. यात मर्म असते ते तळाची लादी आणि भिंत जेथे मिळतात त्या सांध्यात. काँक्रीट एका दिवसात पुरे ओतले जात नाही. कालचे आणि आजचे यांच्या मधल्या फटीतून पाणी वाट काढते. म्हणून त्या सांध्यात रबरासारखी पट्टी आधीच पुरून ठेवतात. शिवाय आमच्याकडचा समुद्राचा खारा वारा सळ्यांचा वैरी. सळीवर दोन इंच घट्ट काँक्रीट नसेल तर ती आतल्या आत गंजून फुगते आणि वरचा पापुद्रा उडवते.

चिरंजीवांनी या सर्वांचा एक तक्ता केला. खर्च, मुदत, आयुष्य, दुरुस्ती असे त्यात रकाने होते. तक्ता नीट पाहिल्यावर फायबरग्लास किंचित पुढे दिसत होते, आणि गल्लीतल्या विनायकाशी बोलणी करण्याची आमची मानसिक तयारी होऊ लागली होती. अशा वेळी मेस्त्री आले.

या मेस्त्रींच्या वडिलांनी आमच्या विहिरीचे कडे बांधले होते. सत्तरी उलटलेला, बोलण्यात सावकाश असा हा गृहस्थ. त्याने तक्ता पाहिला नाही. तो थेट विहिरीपाशी गेला, कठड्यावर हात टेकून आत डोकावला आणि आम्हांला तमिळमध्ये विचारले, “सार, कार्तिकात पाणी कोठवर येते?”

आम्ही गप्प झालो, कारण चौघांपैकी एकानेही हे विचारले नव्हते. अक्काने ओसरीवरून उत्तर दिले. सालोसाल पाणी काठाखाली चार फुटांपर्यंत चढते. चांगला पाऊस झाला तर तीन. २०१५ च्या डिसेंबरात, नगर बुडाले तेव्हा, काठावर बसून तांब्या बुडवता येत होता आणि परसात गुडघाभर पाणी होते.

“मग अम्मा,” मेस्त्री शांतपणे म्हणाले, “तुमचे ते निळे भांडे रिकामे असताना असा पाऊस आला तर काय होईल?”

या प्रश्नाचे उत्तर मैलापुरातल्या माणसाला पुस्तकात शोधावे लागत नाही. तै महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास कपालीश्वराच्या तळ्यात तेप्पम निघतो. रिकाम्या पिंपांवर फळ्या बांधून केलेला प्रचंड तराफा; त्यावर रोषणाई, वादक, भटजी आणि मधोमध देव. एवढा पसारा पाण्यावर फुलासारखा तरंगतो, तो केवळ खालची पिंपे पोकळ असल्यामुळे. आमचे तळेही रिकामे झाले की जमिनीत पुरलेले एक मोठे पोकळ पिंपच ठरणार होते. भोवतालची माती पाण्याने तुडुंब झाली की ते वर उचलले जाणार, नळ तुटणार, काठ उकलणार आणि आमच्या परसात देवावाचूनचा तेप्पम निघणार.

चिरंजीवांनी तत्काळ कागद घेतला. आतून वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि सरासरी चार फूट खोल असे तळे. भिंती व लादी सहा इंचांची. भूजल काठापर्यंत चढले तर ते या भांड्याला सुमारे एकोणतीस टनांनी वर रेटणार. फायबरग्लासच्या भांड्याचे वजन टनभरही नाही. आम्ही विजयी मुद्रेने काँक्रीटकडे वळलो, तो त्याचेही वजन निघाले सतरा टन. म्हणजे पाणी त्याच्या बुडाच्या वर अडीच फूट चढेपर्यंतच ते रिकामे असता जागेवर बसणार. त्यानंतर त्याचाही भरवसा नाही. पोटात पाणी असले की मात्र हा सारा हिशोब मिटतो. आतले पाणी बाहेरच्या पाण्याला तोलून धरते.

त्या संध्याकाळी आम्ही देवळाच्या तळ्याकाठी जरा जास्त वेळ बसलो. लहानपणापासून पाहिलेली वस्तू आपण कधी पाहिलेलीच नसते. हे तळे भांडे नव्हे. हे जमिनीलाच दिलेला आकार आहे. याला चारी बाजूंनी पायऱ्या आहेत, म्हणून माती कोठेही सरळ कड्यासारखी उभी राहत नाही आणि पाणी कितीही उतरले तरी माणसाला त्याच्यापर्यंत पोचता येते. अशा जुन्या तळ्यांच्या बुडाशी चिकणमातीचा थर असतो. तो पाणी धरतो, पण मुठीत आवळत नाही. थोडे थोडे खाली झिरपू देतो आणि भोवतालच्या विहिरींना ते पोचते. गाळ उपसण्याच्या उत्साहात तो थर खरवडला गेला, तर तळे पावसाळा सरताच उताणे पडते. आमचे तळे असे करता येणार नव्हते. एवढ्याशा जागेत उतरत्या बाजू सोडल्या तर मध्ये अक्काला चालायला पाऊलभर जागा उरली नसती. आणि क्लोरिनचे पाणी जमिनीत मुरवणे योग्यही नव्हते. त्यामुळे पाणी न झिरपणारे भांडेच हवे होते. परंतु तळ्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट होती. आमच्या भांड्यालाही भोवतालच्या पाण्याशी समजुतीने राहावे लागणार होते.

घरी आल्यावर अक्काने निराळाच प्रश्न काढला. “या तळ्यात पाणी किती मावेल?”

“सुमारे वीस हजार लिटर.”

“म्हणजे दोन टँकर. माझ्या दोन गुडघ्यांना दोन टँकर.” थोडे थांबून ती म्हणाली, “२०१९ विसरलास?”

आम्ही विसरलो नव्हतो. त्या वर्षी जूनमध्ये पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम ही नगराला पाणी देणारी चारही जलाशये जवळजवळ कोरडी पडली. जुलैच्या बारा तारखेला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची पहिली पाणीगाडी आली. तिच्यात पंचवीस लाख लिटर पाणी होते आणि ते पाहायला लोक फलाटावर जमले होते. आमच्या विहिरीचा तळ आम्ही आयुष्यात प्रथमच पाहिला. त्यात एक पितळेचा तांब्या, दोन पोहरे आणि आमच्या लहानपणी हरवलेला एक चेंडू सापडला. शेजाऱ्यांची विहीर आमच्याहून खोल. तिच्यात दोन फूट पाणी होते. त्यांनी आम्हांला रोज सहा घागरी भरू दिल्या, आणि सातवी आम्ही कधी मागितली नाही. घागरी आणायला अक्का जाऊ शकत नव्हती. पण कोणत्या घागरीतले पाणी कशाला वापरायचे, हे तीच ठरवी. भाताचे धुवण तुळशीला आणि भांड्यांचे शेवटचे पाणी नारळाला. त्या उन्हाळ्यात तिने स्वतः एका तांब्यात अंग पुसून घेतले होते, हे आम्हांला पावसाळा सुरू झाल्यावर कळले.

“शेजाऱ्यांच्या खिडकीतून हे परस दिसते,” ती म्हणाली. “पुन्हा तसा उन्हाळा आला, तर त्यांच्या सहा घागरी घेऊन मी कोणत्या तोंडाने या तळ्यात चालू?”

यावर आम्ही तिला डॉक्टरांचे म्हणणे ऐकवू शकलो असतो. ते अर्धे बोलूनही झाले होते. पण अक्काच्या मुद्रेकडे पाहून उरलेले अर्धे आम्ही गिळले. तिचा प्रश्न बरोबर होता आणि तक्त्यातल्या कोणत्याही रकान्यात तो बसत नव्हता. चार दिवस तळ्याचा विषय घरात कोणी काढला नाही. पाचव्या दिवशी सकाळी न्हाणीघराकडे जाताना अक्का उंबऱ्याशी थबकली आणि भिंतीला धरून बराच वेळ तशीच उभी राहिली. एक पायरी उतरण्याची ती तयारी होती. आम्ही तडक मेस्त्रींना बोलावले.

तोड त्यांनीच सुचवली, आणि ती इतकी सरळ होती की आम्हांला आपल्या शिक्षणाची लाज वाटली. तमिळनाडूत २००३ पासून प्रत्येक घराला छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत उतरवणे सक्तीचे आहे. आमचेही पन्हाळीचे नळ तेव्हापासून विहिरीशेजारच्या वाळूच्या खड्ड्यात सोडलेले आहेत. मेस्त्री म्हणाले, “बांधकाम चैत्र-वैशाखात करू, तेव्हा खाली पाणी नसते. ऐप्पसीचा पाऊस सुरू झाला की आधी छपराचे पाणी गाळून तळ्यात घ्या. तळे भरले की पुढचे विहिरीला. बाहेर जमीन भरत जाईल, तसे आत तळे भरत जाईल. दोघे बरोबर चढतील.”

चिरंजीवांनी पुन्हा कागद ओढला. छप्पर शंभर चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. गळती, उडती धरली तरी अडीचशे मिलिमीटरांत तळे भरणार. आणि या नगरावर वर्षाकाठी सुमारे चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. टँकरची गरज नव्हती, विहिरीचीही नव्हती. उरला बाष्पाचा प्रश्न. रोज पाच मिलिमीटर उडाले तर नव्वद लिटर, म्हणजे सहा बादल्या. त्यासाठी वापरात नसताना तळ्यावर ताडपत्रीचे आच्छादन घालायचे ठरले. अक्काने आपल्याकडून एक कलम जोडले: विहीर ज्या उन्हाळ्यात दहा फुटांखाली जाईल, त्या उन्हाळ्यात तळ्यात भर घालायची नाही, आणि कोणाला पाणी कमी पडले तर क्लोरिन बंद ठेवून तळ्यातले पाणी धुण्याभांड्यांना वाटायचे. ते आम्ही लिहून घेतले.

मग पद्धत आपोआप ठरली. ओतीव काँक्रीट, पाणी साठवणाऱ्या टाक्यांसाठी असलेल्या आय. एस. ३३७० या भारतीय मानकाप्रमाणे. तळाची लादी भिंतींच्या बाहेर चारी बाजूंनी फूटभर पसरलेली, म्हणजे भोवतालची माती तिच्यावर बसून तळ्याला खाली दाबून धरील. लादीखाली खडीचा थर, आणि सर्वांत खोल जागी आत उघडणारी एक झडप: कधी तळे रिकामे असता भूजल चढलेच, तर ते तळ्याला उचलण्याऐवजी झडप ढकलून आत येईल. पाहुण्याला दार उघडून घ्यावे, तो दार मोडून येण्याची वाट पाहू नये, असे मेस्त्रींनी तिचे वर्णन केले. आणि एका टोकाला, देवळाच्या तळ्यासारख्या, रुंद दगडी पायऱ्या. सहा इंच उंचीच्या सात, आणि बाजूला हाताला धरायला कठडा.

त्या उन्हाळ्यात परस उसवले गेले. एक पपईचे झाड गेले, त्याचे वाईट वाटले. लादी एका दिवसात, पहाटे पाचला सुरुवात करून, एका दमात ओतली. भिंतींना तीन आठवडे दिवसातून चार वेळा पाणी मारले. तेही अक्काच्या हुकमाने न्हाणीघरातले धुवण न घालता विहिरीचे स्वच्छ, पण गोणपाट गुंडाळून, मोजून. ऑक्टोबरात पाऊस लागला तेव्हा आमची नात रोज शाळेतून आल्यावर दोन खुणा करी: एक तळ्याच्या भिंतीवर, एक विहिरीच्या कड्यावर. दोन्ही चढत होत्या. कार्तिकात विहीर काठाखाली तीन फुटांवर आली. मेस्त्री पाहायला आले, तेव्हा ओल्या मातीवर टाच आपटून म्हणाले, “आता ते निळे भांडे रिकामे असते, तर तुमच्या दारात तेप्पम असता.” तळे तोवर भरले होते आणि जागचे हललेही नव्हते.

मार्गळी संपल्यावर, पाऊस ओसरून आकाश निवळले तेव्हा, एक शेवटची परीक्षा उरली. पाण्याने भरलेली बादली तळ्याच्या दुसऱ्या पायरीवर ठेवायची, आत-बाहेर पाण्याच्या खुणा करायच्या आणि आठवडाभर आच्छादन काढून ठेवायचे. बादलीतले पाणी उन्हावाऱ्याने जितके उतरेल, तितकेच तळ्याचेही उतरले तर तळे गळत नाही. ते अधिक उतरले तर गळते आहे. अक्काने याचा ताबा स्वतःकडे घेतला. रोज सकाळी नातीच्या खांद्यावर हात ठेवून ती पायऱ्यांवर येई, आणि बादलीकडे पाहण्याच्या निमित्ताने पहिली, मग दुसरी, मग तिसरी पायरी उतरे. पाचव्या दिवशी ती छातीइतक्या पाण्यात उभी होती. तिने कठडा सोडला आणि तळ्याच्या त्या टोकापर्यंत चालत गेली, सावकाश, पाण्यावर दोन्ही हात पसरून, जणू कोणाला तरी बाजूला सारीत. आम्ही काठावर होतो. आमची नात काही बोलणार होती. तिला आम्ही खुणेने गप्प केले.

त्या टोकाला पोचल्यावर अक्का वळली. “बादली किती उतरली?” तिने विचारले.

“एक बोट.”

“आणि तळे?”

नातीने वाकून खूण पाहिली. “एक बोट, आत्ती.”

“मग ठीक,” अक्का म्हणाली, आणि परत यायला निघाली.